ट्रॅपिस्ट-१ ई वर उभं राहिलं तर नेमकं काय दिसेल? परिच्छेद तपासून हवा आहे

कुंभातला

ट्रॅपिस्ट-१ ई या ग्रहाचं दीड पानी वर्णन लिहितो आहे. नियम एकच: आकडे आहेत तिथे आकडे खरे हवेत, आकडे संपले की कल्पना. जमवलेली माहिती अशी. त्याचा तारा, ट्रॅपिस्ट-१, कुंभ राशीत, ४०.५ प्रकाशवर्षांवर. त्याचं वस्तुमान सूर्याच्या ९ टक्के, त्रिज्या ११.९ टक्के, पृष्ठभागाचं तापमान २५६६ केल्विन. ग्रह सात, बी ते एच, ई चौथा. ई ची त्रिज्या पृथ्वीच्या ०.९२ पट, वस्तुमान ०.६९ पट, ताऱ्यापासूनचं अंतर ०.०२९२५ खगोलीय एकक (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर), प्रदक्षिणा ६.१ दिवसांची.

सुरुवातीचा परिच्छेद असा लिहिलाय:

"लालभडक सूर्य हळूहळू क्षितिजावर चढला आणि रक्तासारखा उजेड मैदानावर सांडला. डी आणि एफ हे शेजारी ग्रह दिवसाढवळ्या एकाच वेळी पूर्ण गोल दिसत होते, आपल्या चंद्राच्या कितीतरी पट मोठे. उणे २३ अंशांच्या थंडीत जांभळी झुडपं डोलत होती. तीन दिवसांनी सूर्य मावळला. मी आपला सूर्य शोधला, पण इतक्या लांबून तो दिसणं शक्यच नव्हतं."

यात चुकतंय कुठे?

---

इनांतर

जवळजवळ प्रत्येक वाक्यात. पण चुका दुरुस्त केल्यावर हाती येतं ते तुमच्या मसुद्यापेक्षा जास्त चमत्कारिक आहे, त्यामुळे नाराज होऊ नका.

आधी उगवणं-मावळणं. इतक्या जवळून फिरणारा ग्रह भरती-ओहोटीच्या बलामुळे ताऱ्याला जखडला गेलेला असणार, म्हणजे एक परिवलन आणि एक प्रदक्षिणा दोन्ही ६ दिवस २ तास २५ मिनिटांत. एक बाजू कायम उजेडात, दुसरी कायम अंधारात. तारा आकाशात एका जागी खिळलेला. कक्षेची विकेंद्रता (लांबटपणा) अगदी कमी, ०.००५ च्या आसपास धरली तर तो अर्ध्या अंशाने इकडेतिकडे डुलेल, एवढंच. हे डुलणं फक्त उजेड-अंधाराच्या सीमेवर जाणवेल. तिला आपण संधिरेषा म्हणू.

आता आकार. व्यास भागिले अंतर, गुणिले ५७.३, की उत्तर अंशांत. ताऱ्याचा व्यास सुमारे १,६६,००० किमी, अंतर ४३.८ लाख किमी. उत्तर २.१७ अंश. आपलं सूर्यबिंब ०.५३ अंशाचं, म्हणजे रुंदीत चौपट.

शेजाऱ्यांसाठी अंतरं वजा करा. डी ची कक्षा ०.०२२२७, फरक ०.००६९८ एकक, म्हणजे १०.४ लाख किमी. डी चा व्यास १०,००० किमी. उत्तर ०.५५ अंश. एफ (०.०३८४९ एकक, व्यास १३,३०० किमी) सर्वांत जवळ असतानाही नेमका ०.५५ अंश येतो. आपला चंद्र साधारण ०.५२ अंशाचा. म्हणजे "कितीतरी पट मोठे" बाद, चंद्राएवढेच लिहा. जी ०.३१ आणि एच ०.११ अंशाच्या पुढे जात नाहीत.

पण खरी गोम कलांमध्ये, म्हणजे कोर, अर्धा, पूर्ण गोल या रूपांमध्ये, आहे आणि ती हमखास चुकते. डी हा आतला ग्रह. तो सर्वांत जवळ येतो तेव्हा तारा आणि ई यांच्या मधोमध असतो, म्हणजे त्याची अंधारी बाजू आपल्याकडे! मोठा डी कधीच पूर्ण गोल दिसत नाही. तो दिसतो ताऱ्याच्या बिंबावरून सरकणाऱ्या काळ्या चकतीसारखा, बिंबाच्या रुंदीच्या पाव भागाएवढा. दर १२.०४ दिवसांनी हे अधिक्रमण होतं आणि मधोमध गेला तर सुमारे ४० मिनिटांत आटोपतं. प्रकाश ६.५ टक्के घटतो, तो डोळ्याला कळणार नाही. चकती मात्र स्पष्ट दिसेल. सी हेच दर चार दिवसांनी करतो आणि बी दर दोन दिवसांनी.

एफ बाहेरचा, त्यामुळे तो जवळ असताना पूर्ण गोल असतो. मात्र तेव्हा तो ताऱ्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला, म्हणजे फक्त रात्रीच्या गोलार्धाच्या आकाशात. उजेडाच्या बाजूला उभं राहून पूर्ण मोठा एफ पाहणं भूमितीलाच मान्य नाही. ही प्रतियुती दर १८ दिवसांनी येते.

तेव्हा पात्र कुठे उभं आहे हे आधी ठरवा. ते ठरेपर्यंत आकाशाबद्दल एकही वाक्य लिहू नका.

---

लक्सवाला

उजेडावर लिहितो, कारण "रक्तासारखा" हा शब्द खटकला.

२५६६ केल्विन म्हणजे साध्या तारेच्या बल्बपेक्षा किंचित थंड. बल्बची तार २७०० च्या आसपास असते. बल्बच्या उजेडाला कुणी रक्त म्हणत नाही. ताऱ्याच्या वातावरणातले रेणू दृश्य प्रकाशाचा मोठा भाग गिळतात, त्यामुळे रंग बल्बहून थोडा तांबूस धरा: पिवळट नारिंगी. आणि डोळा पंधरा-वीस मिनिटांत जुळवून घेतो, मग पांढरा कागद पांढराच वाटायला लागतो.

किती उजेड? इथे सगळे एकच चूक करतात. ई ला पृथ्वीच्या ०.६५ पट ऊर्जा मिळते, दर चौरस मीटरला ८८० वॉट. म्हणून उजेडही ६५ टक्के लिहून मोकळे होतात. पण या ताऱ्याच्या प्रकाशाचं शिखर १.१३ मायक्रॉनवर आहे, म्हणजे अवरक्तात. बहुतेक ऊर्जा डोळ्याला दिसतच नाही.

सरळ हिशोब प्रतीवरून करा. प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितका तारा मंद. ताऱ्याची दृश्यप्रत १८.८, अंतर १२.४ पार्सेक (एक पार्सेक म्हणजे ३.२६ प्रकाशवर्षं), म्हणून निरपेक्ष प्रत, म्हणजे १० पार्सेकवरून दिसेल ती, १८.३. सूर्याची ४.८३. फरक साडेतेरा प्रतींचा, म्हणजे तारा दृश्य प्रकाशात सूर्याच्या अडीच लाखाव्या भागाइतका. त्याला ०.०२९२५ च्या वर्गाने भागा. ई वर पडणारा दृश्य प्रकाश पृथ्वीवरच्या भर उन्हाच्या सुमारे २१५ व्या भागाइतका निघतो. ऊन एक लाख वीस हजार लक्स (उजेडाचं एकक) धरलं तर साडेपाचशे लक्स, नीट दिवे लावलेल्या कचेरीइतका. कृष्णवस्तूचं सूत्र (फक्त तापमानावरून प्रकाश काढणारं) वापरून काही हजार लक्स काढलेले दिसतात, ते या रेणूंमुळेच फसतात.

आता दोन्ही एकत्र ठेवा. तारा डोक्यावर असेल तिथे अंगावर उन्हाची धग आणि डोळ्यांना खोलीतला उजेड. वर्णनात एकच गोष्ट घ्यायची तर ही घ्या. ताऱ्याकडे टक लावून पाहणं सुसह्य वाटेल, पण पात्राला तसं करू देऊ नका. डोळ्याची बाहुली आकुंचन पावते ती दृश्य प्रकाशाला, १.४ मायक्रॉनपर्यंतचं अवरक्त थेट दृष्टिपटलापर्यंत पोचतं.

आकाशाचा रंगही काढता येतो. ताऱ्याच्या थेट प्रकाशात ४५० नॅनोमीटर निळ्याचं ६५० नॅनोमीटर लालाशी प्रमाण ०.१४, आपल्या सूर्याचं १.१२. पातळ, स्वच्छ हवा निळा ४.३५ पट जास्त विखुरते, म्हणजे आकाशात ०.५९. निळं नाही, लालही नाही. फिकट, मळकट पांढरं. हा मात्र कृष्णवस्तूचाच अंदाज आहे, प्रत्यक्षात जरा उबदार छटेकडे सरकवा.

ताऱ्याच्या भडक्यांनाही जागा द्या. केप्लर दुर्बिणीच्या ८० दिवसांच्या निरीक्षणांत ४२ भडके मोजले गेले, म्हणजे सरासरी दोन दिवसांत एक. बहुतेक लहान. भडका ताऱ्याच्या पृष्ठभागापेक्षा खूप गरम असतो, त्यामुळे काही मिनिटं उजेड वाढतो आणि पांढुरका होतो.

---

हवाबंद

वरच्या दोन्ही प्रतिसादांत "हवा असेल तर" दडलेलं आहे. तेच उघड करतो.

उणे २३ अंश म्हणजे २५० केल्विन. हे समतोल तापमान आहे: ग्रह शंभर टक्के प्रकाश शोषतो आणि उष्णता सगळीकडे सारखी पसरते असं धरून काढलेली सरासरी. कुठल्याही जागी तापमापक लावला तर तो हे दाखवेलच असं नाही. हवा अजिबात नसेल तर तारा डोक्यावर असलेल्या बिंदूवर ३५० केल्विनच्या आसपास, म्हणजे ८० अंश सेल्सिअसपर्यंत, आणि मागच्या बाजूला उणे दोनशेच्या खाली. दोन्ही टोकांचं एकाच ग्रहावर असणं हीच त्या आवृत्तीची गंमत. शिवाय तेव्हा दिवसाही आकाश काळं, ताऱ्याशेजारी इतर तारे, आणि झुडपं-वारा दोन्ही रद्द.

वेधांतून काय कळलंय? वेब दुर्बिणीने बी ची दिवसाची बाजू ५०३ केल्विन मोजली. जाड हवा असती तर तिने उष्णता मागे वाहून नेली असती आणि ही बाजू एवढी तापली नसती. सी ३८० केल्विन, म्हणजे तिथे शुक्रासारखं जाड कार्बन डायऑक्साइडचं आवरण नाही. ई ची चार अधिक्रमणं २०२३ मध्ये पाहिली, निकाल सप्टेंबर २०२५ मध्ये आले. ग्रह जन्मतो तेव्हाचं हायड्रोजनचं आवरण आता उरलेलं नाही. त्यापलीकडे नायट्रोजनसारख्या जड वायूचं वातावरण असणं आणि उघडा खडक असणं, दोन्ही शक्यता खुल्या आहेत.

इतकं अवघड का, ते पाहा. ई ताऱ्यासमोरून जाताना ०.५ टक्के प्रकाश अडवतो, म्हणजे दहा लाखांत ५,०००. नायट्रोजनची हवा असेल तर दर ९.३ किमी उंचीला तिची घनता २.७ पट घटते. अशा पाच उंच्या धरल्या तरी वर्णपटातला फरक दहा लाखांत ८० च्या आत. ताऱ्यावरचे डाग यापेक्षा मोठा गोंधळ घालतात. म्हणून पुढच्या निरीक्षणांत बी आणि ई यांची अधिक्रमणं पाठोपाठ घेऊन, बी ला उघडा खडक मानून, डागांची खूण वजा करायचा बेत आहे.

तेव्हा हवा ही तुमची मोकळी जागा. पण एकच आवृत्ती निवडा आणि शेवटपर्यंत तिच्याशी इमान राखा. तयार उदाहरण हवं असेल तर ई वर चार हवामान-प्रतिमानं मुद्दाम एकाच गणितावर चालवून पाहिली आहेत: एक बार (साधारण पृथ्वीवरच्या हवेएवढा दाब) नायट्रोजन, दहा लाखांत ४०० कार्बन डायऑक्साइड, सगळीकडे समुद्र. तारा डोक्यावर असलेल्या भागात उघडं पाणी, बाकी बर्फ. त्या पाण्यावर ढगांचं झाकण असतं हे विसरू नका. तिथे उभ्या माणसाला तारा दिसेलच असं नाही. पृष्ठभागावरचा वारा साधारणपणे थंडीकडून उबेकडे.

झुडपांबद्दल: कल्पना आहे, चालेल. जांभळाच रंग का, याचं कारण मात्र वर्णनात यायला हवं. नाहीतर ती सजावट होते.

---

कुंभातला

सर्वांचे आभार. झुडपं काढली. हवेची आवृत्ती घेतो, नायट्रोजनची. उभं कुठे राहावं? डी, एफ आणि आपला सूर्य, तिन्ही एका जागेवरून हवेत. आणि गुरुत्वाचं काय लिहू?

---

इनांतर

गुरुत्व पृथ्वीच्या ०.८२ पट. साठ किलोचा माणूस काट्यावर ४९ भरेल. चालताना हलकं वाटेल, उड्या मारत फिरण्याइतकं नाही.

जागा: विषुववृत्तावर, संधिरेषेच्या पलीकडे, अंधारात १३ अंश. पृथ्वीवर सूर्य १८ अंश खाली गेला की पूर्ण काळोख होतो. इथे मुळात उजेडच दोनशे पट कमी, त्यामुळे १२-१३ अंश पुरावेत. ई वर एक अंश म्हणजे १०२ किमी, म्हणून संधिरेषेपासून साधारण १,३०० किमी आत.

डी चं महत्तम इनांतर, म्हणजे आकाशात ताऱ्यापासून तो जास्तीत जास्त जितका लांब दिसतो तो कोन, ४९.६ अंश (०.०२२२७ भागिले ०.०२९२५, मग व्यस्त साइन). आपल्या शुक्राचं ४७. तारा क्षितिजाखाली १३ वर, म्हणून डी कमाल ३६-३७ अंश उंच. तेव्हा तो अर्धा दिसतो, ०.२ अंशाचा, उजळ बाजू क्षितिजाकडे. चंद्रासारखा काळपट पृष्ठभाग धरला तर प्रत उणे ४ च्या घरात, थेट शुक्रच. अधिक्रमणापासून इथवर यायला त्याला ३२ तास लागतात. सी २० आणि बी १० अंशांच्या वर जात नाहीत.

एफ प्रतियुतीत विरुद्ध क्षितिजावर १३ अंश उंच. आकार चंद्राचा, पण तेज पौर्णिमेच्या चंद्राच्या तीनशेव्या भागाइतकं. बर्फाळ असेल तर चौपट. चित्रांत दाखवतात तसं त्याचं चांदणं पडणार नाही.

---

वेधकरी

सूर्याचं राहिलं होतं.

"शक्यच नव्हतं" चूक. १२.४ पार्सेकवरून सूर्य ५.३ प्रतीचा, काळोखात नुसत्या डोळ्यांनी कसाबसा दिसेल. तारा इथून कुंभेत दिसतो, म्हणून सूर्य तिथून सिंहेत. ओळखीच्या खुणा बदलतात. मघा आपल्यापासून ७९ प्रकाशवर्षं, तिथून ११८, १.४ वरून २.२ प्रतीची होते. उत्तरा फाल्गुनी ३६ वरून ७६ प्रकाशवर्षांवर जाते आणि ३.८ पर्यंत मंदावते. सिंह आकसलेला दिसेल: सूर्यापासून मघा साडेदहा अंशांवर, उत्तरा साडेसहा अंशांवर.

आणखी एक. हे सातही ग्रह आपल्याला अधिक्रमण करताना दिसतात, याचा अर्थ आपण त्यांच्या कक्षेच्या पातळीत आहोत. म्हणजे ई च्या आकाशात सूर्य ग्रहांच्याच वाटेवर आहे. एफ, जी, एच त्याच्या अगदी जवळून जातील. अख्खं तारांगण ६.१ दिवसांत एक फेरी घेतं, तासाला अडीच अंश. दर फेरीत ५६ मिनिटं अशी येतात की सूर्य ताऱ्याच्या बरोबर विरुद्ध असतो. त्याच ५६ मिनिटांच्या प्रकाशातून, ४० वर्षांनी, इथल्या दुर्बिणी ई चा वर्णपट काढतात.

आकडे उचलताना जपून. त्रिज्या ताऱ्याच्या त्रिज्येवरून येते आणि वस्तुमान ग्रह एकमेकांना ओढून अधिक्रमणाच्या वेळा पुढेमागे करतात त्यावरून. २०१७ च्या लेखांतली वस्तुमानं बरीच सैल होती. तुम्ही दिलेले आकडे २०२१ च्या विश्लेषणाशी जुळतात, त्यात जुने मिसळू नका. घनता दर घन सेंटिमीटरला ४.९ ग्रॅम येते, पृथ्वीची ५.५.

---

कुंभातला

नवा मसुदा:

"इथे तारा मावळलेला नाही, तो कधी उगवलाच नाही. क्षितिजाखाली तो जिथे आहे तिथेच राहणार, आणि त्याच्या वर नारिंगी उजेडाची पट्टी. पट्टीच्या बरीच वर डी, अर्धा, शुक्रासारखा झळझळीत, पण शुक्र नव्हे हे लगेच कळतं, कारण त्याला आकार आहे. पाठीवर अंधाराकडून येणारा गार वारा. मागे वळलो तर एफ, चंद्राएवढा आणि चंद्राच्या मानाने विझलेला. बर्फावर त्याच्या उजेडाची सावली जेमतेम कळते. माथ्यावर मघा आणि उत्तरा फाल्गुनी नको इतक्या जवळ आल्या आहेत. त्यांच्या मध्ये नजर थोडी बाजूला धरली की एक बारीक ठिपका येतो, सरळ पाहिलं की जातो. तोच सूर्य. मग क्षितिजावरची पट्टी एकाएकी पांढुरकी झाली आणि त्याच क्षणी डी आणि एफही उजळले."

---

लक्सवाला

शेवटचं वाक्य सोडून चालेल. भडक्याचा प्रकाश ताऱ्यापासून ई पर्यंत १४.६ सेकंदांत येतो. डी मार्गे यायचं तर ११.१ अधिक ९.५, म्हणजे २०.६ सेकंद. एफ मार्गे २३.८. "त्याच क्षणी" काढा. आधी पट्टी, सहा सेकंदांनी डी, आणखी तीन सेकंदांनी पाठीमागे एफ. पात्राला मान वळवायला तेवढा वेळ पुरतो.